बागेखालचा ओढा

चित्रकलेच्या तासाला कधी ना कधी ‘मला हवी असलेली बाग’ असा विषय दिला जातो. मुले मन लावून चित्र काढतात. घसरगुंडी, झोपाळे, मधोमध कारंजे, कडेने अशोकाची झाडे, कोपऱ्यात भेळेची गाडी. अशी पन्नास चित्रे शेजारी शेजारी मांडली, तरी एक गोष्ट त्यांत बहुधा सापडत नाही. पावसाचे पाणी या बागेत कोठून येते आणि कोठे जाते, हे कोणीच दाखवलेले नसते. यात मुलांचा काही दोष नाही. मोठ्यांनी काढलेल्या आणि रीतसर मंजूर झालेल्या आराखड्यांतही पुष्कळदा ते नसते.

उद्याने, मैदाने, चौक अशा सार्वजनिक जागा कशा असाव्यात हे ठरवण्याच्या शास्त्राला लँडस्केप डिझाइन म्हणतात. आपण त्याला परिसररचना म्हणू. हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एखाद्या वस्तीत जाऊन तिथली मोकळी जागा सुधारायची, असे उपक्रम जगात अनेक ठिकाणी होतात. काही दिवस उत्साहाचे जातात, बाके बसतात, झाडे लागतात, छायाचित्रे निघतात. पुढे बरेचदा झाडे वाळतात आणि बाके मोडतात. असे का होते, आणि याहून वेगळे काय घडू शकते, हे समजून घ्यायला फिलाडेल्फिया शहरातील एक उदाहरण उपयोगी पडते. तेथे विद्यापीठातील विद्यार्थी आणि शेजारच्या शाळेतील तेरा-चौदा वर्षांची मुले मिळून जमिनीखाली गाडलेल्या एका ओढ्याचा माग काढत गेली.

गिरण्यांचा ओढा

फिलाडेल्फिया हे अमेरिकेच्या पूर्वेकडील जुने शहर. १६८२ साली विल्यम पेन याने डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मध्ये ते वसवले. स्कूलकिल नदीला पश्चिमेकडून अनेक लहान ओढे येऊन मिळत. त्यांतला एक मिल क्रीक. मिल म्हणजे गिरणी आणि क्रीक म्हणजे ओढा. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या गिरण्या याच्या काठी होत्या, म्हणून हे नाव.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर नदी ओलांडून पश्चिमेकडे पसरू लागले. घरे आली, कारखाने आले आणि त्यांचे सांडपाणी ओढ्यात सोडले जाऊ लागले. ओढा घाण झाला, रोगराईची भीती वाटू लागली. त्या काळच्या अभियंत्यांना यावर एक उपाय सोपा वाटला. ओढ्याच्या पात्रात बोगद्यासारखी मोठी विटांची गटारवाहिनी बांधायची, सगळे पाणी तिच्यात घालायचे आणि वरचे खोरे माती, राख, राडारोडा टाकून भरून काढायचे. एकाच खर्चात तीन कामे झाली. घाण डोळ्यांआड गेली, मैलापाणी वाहून नेण्याची सोय झाली आणि बांधकामाला सपाट जमीन मिळाली. त्या सपाट जमिनीवर रस्ते आखले गेले आणि घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. दोन पिढ्यांनंतर वस्तीचे नाव मिल क्रीक असेच राहिले, पण ओढा कोणी पाहिलेला नव्हता.

आता थोडा विचार करू. ओढा म्हणजे केवळ पाण्याची धार नव्हे. आजूबाजूचा चढ-उतार जसा असेल तसे पाणी सर्वांत सखल रेषेकडे येते, आणि त्या रेषेला आपण ओढा म्हणतो. पावसाचे काही पाणी पृष्ठभागावरून वाहते, काही जमिनीत मुरून खालून सावकाश त्याच रेषेकडे सरकते. वर भराव घातला तरी भोवतालचा उतार बदलत नाही. म्हणून भरावातही पाणी जमत राहते. त्यात राख आणि राडारोडा नीट धुमसून बसवलेला नसेल, तर तो वर्षानुवर्षे थोडा थोडा खचतो. वरच्या घरांचे पाये असमान बसतात, भिंतींना तिरप्या भेगा पडतात आणि तळघरांना ओल येते.

दुसरा धोका याहून गंभीर असतो. जुन्या विटांचे सांधे निखळले की आजूबाजूची बारीक माती पाण्याबरोबर गटारात शिरते. वर रस्ता जसाच्या तसा दिसतो, पण त्याच्या खाली पोकळी वाढत जाते. एके दिवशी वरचा थर तेवढे ओझे पेलू शकत नाही आणि सगळे एकदम खाली जाते. मिल क्रीकच्या वस्तीत असे अनेकदा घडले. ज्या वर्षी आपल्याकडे पानशेतचे धरण फुटले, त्याच १९६१ साली तेथे फन्स्टन स्ट्रीट या रस्त्यावर गटारवाहिनी ढासळली. घरे खड्ड्यात गेली, माणसे दगावली आणि आजूबाजूची अनेक घरे पाडून टाकावी लागली.

भगदाडातून दिसलेली नदी

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच भागात पुन्हा एकदा रस्ता खचला. तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात परिसररचना शिकणारी अ‍ॅन व्हिस्टन स्पर्न ही विद्यार्थिनी ते भगदाड पाहायला गेली. खाली वाकून पाहिले तर तपकिरी पाणी जोराने वाहताना दिसले. रोजच्या वाटेखाली नदी वाहते आहे याची तिला तोवर कल्पना नव्हती. पुढे स्पर्न बाई या विषयातील नामवंत अभ्यासक झाल्या. शहर आणि निसर्ग यांच्या नात्यावरचे ‘द ग्रॅनाइट गार्डन’ हे त्यांचे पुस्तक १९८४ साली प्रसिद्ध झाले. नंतर त्या त्याच विद्यापीठात शिकवू लागल्या आणि १९८७ साली त्यांनी पश्चिम फिलाडेल्फियात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रकल्प सुरू केला. २००० साली त्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेल्या, तरीही हे काम त्यांनी सोडले नाही.

स्पर्न बाईंचे गुरू इयान मॅकहार्ग. त्यांच्या १९६९ सालच्या ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकाने एक पद्धत सर्वत्र पोहोचवली. ती इतकी सोपी आहे की सातवी-आठवीच्या वर्गातही वापरता येते. एका जागेचे अनेक नकाशे एकाच प्रमाणात पारदर्शक कागदांवर काढायचे. एकावर उतार, दुसऱ्यावर मातीचे प्रकार, तिसऱ्यावर पाण्याच्या वाटा, चौथ्यावर झाडी, पाचव्यावर घरे आणि रस्ते. मग हे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरायचे. सुटे सुटे पाहिले तर लक्षात न येणाऱ्या गोष्टी अशा वेळी एकदम नजरेत भरतात.

स्पर्न बाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिल क्रीकच्या भागासाठी हेच केले. त्या वेळी ही वस्ती फार वाईट अवस्थेत होती. बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय, उत्पन्न कमी, अनेक घरे ओस पडलेली आणि घरे पाडून रिकामे झालेले भूखंड जागोजागी पसरलेले. या भूखंडांवर कचरा साठत होता. रहिवासी नीट राहत नाहीत, म्हणून वस्तीचा असा उकिरडा झाला, असे बाहेरच्या लोकांना वाटे. विद्यार्थ्यांनी रिकाम्या भूखंडांचा नकाशा काढला आणि तो जुन्या ओढ्याच्या नकाशावर ठेवला. रिकाम्या जागा कशाही विखुरलेल्या नव्हत्या. त्यांचा एक पट्टा तयार होत होता, आणि तो पट्टा गाडलेल्या ओढ्याच्या खोऱ्यातून वळणे घेत जात होता.

येथे एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष अवश्य वेधावे. दोन नकाशे जुळले म्हणजे कारण सापडले असे होत नाही. शहराच्या श्रीमंत भागातही ओढे गाडलेले आहेत, पण तेथे वस्ती अशी उद्‌ध्वस्त झाली नाही. मग फरक कशामुळे पडला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना १९३० च्या दशकातील काही नकाशे उपयोगी पडले. घरासाठी कर्ज द्यायचे की नाही हे ठरवताना जोखमीनुसार वस्त्यांना रंग देण्याची पद्धत तेव्हा सुरू झाली होती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल रंगात दाखवल्या जात आणि तेथे कर्ज मिळणे दुरापास्त होई. आता साखळी जोडून पाहू. भराव खचला आणि घराला भेग पडली. दुरुस्तीला पैसा हवा होता, पण कर्ज मिळेना. भेग वाढली, ज्यांना शक्य होते ते घर सोडून गेले, घर पडके ठरले आणि शेवटी पाडले गेले. निसर्गाचा एक नियम आणि माणसांचा एक निर्णय एकत्र आले आणि त्यांतून हा पट्टा तयार झाला.

वस्तीतली एक बाग

एवढे कळल्यावर बाग आखण्याचा प्रश्न वेगळाच होऊन जातो. प्रकल्पाच्या सुरुवातीच्या वर्षांत विद्यार्थ्यांनी वस्तीतील रिकाम्या भूखंडांवर अनेक सामुदायिक बागांचे आराखडे केले. त्यांतली एक ‘अ‍ॅस्पेन फार्म्स’. तेथे रहिवाशांनी स्वतःच रिकाम्या जागेत भाजीपाल्याचे आणि फुलांचे वाफे केले होते. प्रत्येक कुटुंबाचा वाफा ठरलेला होता. त्यांना एकत्र बसायला, आलेल्या पाहुण्यांना आणि शाळेच्या मुलांना बाग दाखवायला थोडी जागा हवी होती. मात्र त्यासाठी कोणाचा वाफा जावा असे त्यांना वाटत नव्हते.

विद्यार्थ्यांनी निरनिराळे आराखडे केले. नवशिक्या रचनाकाराला काही तरी ठळक, नजरेत भरणारे करावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. पण बागकरी मंडळींना जो आराखडा पटला तो फार साधा होता. तो करणाऱ्या विद्यार्थ्याने लोक बागेत कोठे थांबतात, कोठे गप्पा मारतात हे आधी पाहिले होते. ते वाफ्यांमधल्या मुख्य वाटेवरच थांबत. म्हणून त्याने वेगळा चौक न करता ती वाटच थोडी रुंद केली आणि अध्येमध्ये बसायच्या जागा केल्या. गावातल्या पेठेत जसे चालता चालता ओट्यावर टेकता येते, तसेच हे झाले. ही कल्पना प्रत्यक्षात उतरली, आणि बागकऱ्यांनी ती आपली म्हणून सांभाळली.

शिक्षक म्हणून आपल्याला यात एक उपयोगी गोष्ट मिळते. “तुम्हांला काय हवे?” असे विचारले की लोक त्यांनी इतरत्र पाहिलेल्या वस्तूंची यादी सांगतात. त्याऐवजी जागेचा वापर आज कसा होतो हे घड्याळ लावून पाहिले, तर गरज काय आहे ते कळते. सकाळी सात वाजता कोण येते? दुपारी सावली कोठे असते? मुली कोणत्या कोपऱ्यात जात नाहीत? म्हाताऱ्यांना किती पावलांनंतर टेकावेसे वाटते? ही निरीक्षणे आहेत, आणि निरीक्षण करायला पाचवीतल्या मुलालाही येते.

ओढा आहे, हे पटवायचे कसे?

या प्रकल्पाचा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग १९९६ ते २००१ या काळातला आहे. सल्झबर्गर मिडल स्कूल ही सरकारी शाळा याच खोऱ्यात होती. विद्यापीठातील विद्यार्थी तेथे आठवीच्या वर्गात येऊ लागले. तुमच्या वस्तीखाली ओढा आहे, असे सांगितल्यावर मुलांचा विश्वास बसेना. जो दिसत नाही तो आहे कसा मानायचा? प्रश्न अगदी रास्त होता, आणि विज्ञानाच्या तासाला मुलांनी असाच प्रश्न विचारायला हवा.

विद्यार्थ्यांनी मुलांना उत्तर सांगितले नाही. त्यांनी त्यांच्यापुढे पुरावे ठेवले. वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे, जुनी छायाचित्रे, जनगणनेचे तक्ते, वर्तमानपत्रांतील बातम्या. मुले एका नकाशावरून दुसऱ्यावर ओढ्याची रेषा शोधू लागली. या नकाशात ओढा आहे, पुढच्यात अर्धाच आहे, त्यापुढच्यात त्या जागी रस्ता आहे. मग ती बाहेर पडली. ओळखीच्या रस्त्यावरचा खोलगट भाग, रांगेतून एकीकडे कललेली घरे, रिकाम्या भूखंडांचा पट्टा हे सगळे त्यांनी रोज पाहिले होते. आता त्याचा अर्थ लागू लागला.

यातून मुलांत एक बदल झाला. आपली वस्ती अशीच आहे, ती आपल्याच लोकांमुळे अशी झाली, असे मनात घेऊन मुले वाढत होती. मोठे झाल्यावर येथून निघून जायचे, हीच अनेकांची इच्छा होती. वस्ती अशी का झाली याची कारणे कागदोपत्री समोर आल्यावर लाज कमी झाली आणि प्रश्न वाढले. जे कारणांनी घडले ते बदलताही येते, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी वस्तीसाठी आराखडे केले. पावसाचे पाणी थोपवणारी बाग कोठे करता येईल, शाळेचा उघड्यावरचा वर्ग कसा असावा, हे त्यांनी मांडले. स्पर्न बाईंनी या साऱ्याला परिसर-साक्षरता असे नाव दिले. अक्षरे वाचण्याआधी माणूस भोवतालचे जग वाचतो, हा ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी यांचा विचार आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. त्याचाच हा एक आविष्कार म्हणता येईल.

या कथेचा शेवट गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. २००१-०२ मध्ये फिलाडेल्फियातील शाळांचा कारभार राज्याने हाती घेतला, या शाळेचे व्यवस्थापन बदलले आणि हा उपक्रम थांबला. गाडलेल्या ओढ्याचा धोका शहराच्या नियोजनकारांना पटायलाही फार वर्षे लागली. खोऱ्यातच १९५० च्या दशकात सरकारी घरांची वसाहत बांधली गेली होती. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेच्या इमारतींमुळे आपल्याला माहीत असलेले लुई कान हेच तिचे वास्तुकार. रचनाकार कितीही थोर असला तरी तो जमिनीच्या पोटातले बदलू शकत नाही. ही वसाहतही नव्या शतकाच्या सुरुवातीला पाडली गेली.

एक इंच पाऊस

तरीही एक धागा पुढे गेला. फिलाडेल्फियाच्या निम्म्याहून अधिक भागात मैलापाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते. कोरड्या दिवशी ते शुद्धीकरण केंद्रात पोहोचते. जोराचा पाऊस आला की वाहिनीची क्षमता संपते आणि पावसाचे पाणी मैल्यासकट नदीत उतरते. यावर उपाय म्हणून जमिनीखाली आणखी मोठे बोगदे खणता येतात, पण ते फार खर्चाचे असते. उलट पाणी वाहिनीपर्यंत उशिरा पोहोचेल, किंवा पोहोचणारच नाही, अशी व्यवस्था जमिनीवर करता येते. रिकामे भूखंड, उद्याने, शाळांची मैदाने, रस्त्यांच्या कडा येथे पाणी मुरवायचे. स्पर्न बाई आणि त्यांचे विद्यार्थी १९८० च्या दशकापासून हेच सुचवत होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या पाणी खात्यातील मंडळी या कामात रस घेऊ लागली, आणि २०११ साली शहराने पंचवीस वर्षांची एक योजना स्वीकारली. उद्याने आणि हिरव्या जागा हाच तिचा कणा आहे.

या योजनेत हिशेबाचे एकक फार सुटसुटीत ठेवले आहे. एक एकर पक्क्या जमिनीवर पडणारा पहिला एक इंच पाऊस जागीच अडवायचा. हे पाणी किती होते ते मुलांकडून काढून घ्यावे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. म्हणजे गुणाकार केला की सुमारे १,०२,८०० लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर भरूनही थोडे उरेल इतके पाणी एका एकरातून, एका सरीत जाते.

आपल्या शाळेभोवती

फिलाडेल्फियाची गोष्ट आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. पुण्याची सारसबाग आज ज्या जागी आहे तेथे अठराव्या शतकात आंबील ओढ्याचे पाणी अडवून केलेले तळे होते. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव उरले, तळे बुजले. याच आंबील ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला आणि काठच्या वस्त्यांत शिरला. त्या पावसात पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईत धोबी तलावाला आज तलाव नाही, आणि गोवालिया टँकच्या जागी मैदान आहे. गावोगाव अशी नावे आहेत. नाव ओढ्याचे, आणि जागेवर बसस्टँड.

शाळेच्या पातळीवर करता येईल असा क्रम येथे देत आहोत. एका सत्रात हे काम आरामात होते.

पहिले काम नावांचे. शाळेच्या परिसरातील आळ्या, चौक, वाड्या यांची नावे गोळा करावीत आणि ज्यांत पाण्याची खूण आहे ती वेगळी काढावीत. तळे, झरी, डोह, नाला, विहीर, पाट, पूल. मग घरातील आजी-आजोबांना विचारावे की येथे पूर्वी पाणी कोठे साचे, पोहायला कोठे जात. आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत तेथे दोन्ही लिहून ठेवाव्यात.

दुसरे काम नकाशांचे. भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा किंवा सिटी सर्व्हेचा नकाशा मिळू शकतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर असतो, आणि ओढेही रेषांनी दाखवलेले असतात. आजचा नकाशा आणि जुना नकाशा एकाच प्रमाणात आणून ट्रेसिंग पेपरवर काढावेत आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरावेत.

तिसरे काम उताराचे. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन मोजपट्ट्या एवढे पुरे. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी असते, म्हणून दोन पट्ट्यांवरील वाचनांतला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. दर पाच मीटरवर असे मोजत गेले की मैदानाचा उतार कागदावर उतरतो. पुढच्या पावसात छत्री घेऊन वीस मिनिटे बाहेर उभे राहावे. पाणी कोठून आले, कोठे तुंबले, किती वेळाने ओसरले, हे पाहून आपला नकाशा तपासावा.

चौथे काम जमीन किती पाणी पिते ते पाहण्याचे. दुधाच्या भुकटीचा गोल डबा घेऊन त्याची दोन्ही टोके शिक्षकांनी कापावीत. तो जमिनीत पाचेक सेंटिमीटर दाबून बसवावा, ठरावीक उंचीपर्यंत पाणी ओतावे आणि पातळी दर पाच मिनिटांनी नोंदवावी. कवायतीच्या मैदानात, झाडाखाली आणि वाफ्यात असे तीन ठिकाणी करावे. पायांनी तुडवलेल्या मातीत पाणी फार सावकाश मुरते, पालापाचोळा आणि मुळे असलेल्या मातीत भराभर मुरते. काळ्या मातीत निकाल ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात भेगांतून पाणी झपाट्याने जाते, पावसाळ्यात माती फुगली की थबकते.

यानंतरच आराखड्याला हात घालावा. समजा शाळेच्या छताचा एक भाग १०० चौरस मीटर आहे आणि एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला. तेथून ५,००० लिटर पाणी येईल. ते ज्या बाजूला उतरते तेथे २० चौरस मीटरचा, १५ सेंटिमीटर खोल, बशीसारखा खोलगट वाफा केला आणि त्याच्या कडा उभ्या धरल्या, तर त्यात एका वेळी ३,००० लिटर पाणी मावते. बाकीचे मुरेल किंवा ओसंडेल, म्हणून सांडव्याची वाट ठेवलीच पाहिजे. वाफा इमारतीच्या पायापासून निदान तीन मीटर दूर असावा, काळ्या मातीत त्याहूनही दूर. दोन दिवसांत पाणी मुरत नसेल तर जागा चुकली असे समजावे, कारण डासांची पैदास होण्याचा धोका असतो. वर केलेला डब्याचा प्रयोग याचसाठी आहे.

आमच्या मते अशा प्रकल्पाला गुण देताना चित्राच्या सुबकतेला कमी आणि दोन प्रश्नांच्या उत्तरांना जास्त द्यावेत. पहिला प्रश्न, हे तुम्ही कशावरून म्हणता? दुसरा, तुम्ही दहावी होऊन गेल्यावर हे कोण सांभाळणार? पहिल्या प्रश्नाने मुले मोजू लागतात. दुसऱ्याने ती माळीबुवांशी, शिपाई काकांशी आणि शेजारच्या दुकानदाराशी बोलू लागतात. सल्झबर्गर शाळेतील उपक्रम थांबला तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एखाद-दोन माणसांच्याच हाती राहिल्यामुळे. आपल्याकडेही शिक्षकांची बदली होते आणि चांगले उपक्रम त्यांच्याबरोबर जातात. म्हणून मोजमापांची वही शाळेच्या दप्तरात जमा करावी, आणि दर वर्षी नव्या वर्गाने पहिल्या मोठ्या पावसाची नोंद तिच्यात करावी, एवढी प्रथा तरी पाडता येईल.

पाच-सहा पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या की ती वही घेऊन मुलांनी ग्रामपंचायतीत किंवा प्रभाग कार्यालयात जावे. मैदानाला फरशी घालण्याचा ठराव पुढे येईल तेव्हा, फरशीखाली काय जाणार आहे हे सांगणारे कोणी तरी तेथे हजर असेल.